बाहेर जाऊन बघितलंस का?

एप्रिल उजाडला की आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. मागच्या अंगणात एका खांबावर माझं छोटंसं वेदर स्टेशन आहे. त्याच्या बॅटऱ्या बदलायच्या, पर्जन्यमापकात हिवाळाभर साचलेला पाचोळा काढायचा, वाऱ्याच्या वाट्या हाताने फिरवून बघायच्या. (बायकोच्या मते या खांबाचा उपयोग कपडे वाळत घालायला जास्त चांगला झाला असता. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.) गेल्या शनिवारी हे सगळं करताना दर वर्षीप्रमाणे २०१८ चा एप्रिल आठवला. त्या एका आठवड्यात या खेळण्याने मला जे शिकवलं, ते इतकी वर्षं डेटाचं काम करूनही मला नीट कळलं नव्हतं. बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितोच.

आधी थोडा भूगोल. मी राहतो मिनिॲपोलिसच्या एका उपनगरात. अमेरिकेच्या नकाशात वर, मधोमध, कॅनडाला लागून जे राज्य आहे ते मिनेसोटा. हवामानवाल्यांच्या हिशोबात इथला वसंत १ मार्चला सुरू होतो आणि ३१ मेला संपतो. आपल्या डोक्यात वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर, पळस, कोकिळेचं पहाटे पहाटे ओरडणं. इथे मार्चमधला वसंत फक्त कॅलेंडरवर असतो. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक बर्फ गेलेला असतो. लोक फावडी गॅरेजच्या कोपऱ्यात टाकतात, गवत कापायच्या मशीनला तेलपाणी करतात आणि पारा जरा दहा अंशांवर गेला की हाफ पँट घालून हिंडायला लागतात. अख्ख्या एप्रिलमध्ये मिळून सरासरी दोन-चार इंच बर्फ पडतो, तोही दुपारपर्यंत वितळून जातो.

२०१८ साली १३ एप्रिलला, शुक्रवारी, प्रकरण सुरू झालं. आधी पाऊस, मग खिडकीच्या काचेवर तडतडणारे बर्फाचे कण, आणि शनिवारी सोसाट्याच्या वाऱ्यासकट खरा बर्फ. ब्लिझर्डचा इशारा दिलेला होताच. सगळं थांबलं तोवर मिनिॲपोलिसच्या विमानतळावर १५.८ इंचांची नोंद झाली होती. म्हणजे ४० सेंटिमीटर, जवळजवळ गुडघ्याएवढा. एप्रिलमधलं हे तिथलं सगळ्यात मोठं हिमवादळ. आधीचा उच्चांक १९८३ सालचा होता, १३.६ इंच. त्या महिन्यात एकूण बर्फ पडला २६.१ इंच, तोही एप्रिलचा विक्रम. इथल्या बेसबॉलच्या मैदानाला छप्पर नाही, त्यामुळे ट्विन्स संघाचे सामने पुढे ढकलावे लागले. आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी गॅरेजच्या कोपऱ्यातून निमूटपणे फावडी परत बाहेर काढली.

आता मूळ गोष्ट. शनिवारी रात्री मी खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बाहेर शेजाऱ्याचं झाड वाऱ्याने वाकलेलं, रस्त्यावरचा दिवा दिसेनासा झालेला. आणि स्क्रीनवर माझं लाडकं स्टेशन काय सांगत होतं? तापमान २८ फॅरेनहाइट, म्हणजे उणे दोन, ठीक आहे. वाऱ्याचा वेग शून्य. पाऊस-बर्फ मिळून आजची एकूण नोंद ०.००. म्हणजे माझ्या डेटाबेसच्या मते तो एक शांत, कोरडा, थोडासा गार शनिवार होता!

तेवढ्यात बाबांचा फोन आला. इथली शनिवार रात्र म्हणजे तिकडची रविवार सकाळ. बाबांचा पहिला चहा झालेला असतो आणि पेपर यायचा असतो, ती आमची बोलायची वेळ. मी कॅमेरा खिडकीकडे वळवला.

"अरे बापरे. किती पडला रे?"

"स्टेशन शून्य दाखवतंय बाबा. सेन्सर गोठलाय बहुतेक."

"स्टेशन काय दाखवतंय ते नाही विचारलं. पडला किती?"

"आता वाऱ्यात कसं सांगणार? इकडचा तिकडे उडतोय सगळा."

"बाहेर जाऊन बघितलंस का?"

एरवी मी वैतागलो असतो. पण हा प्रश्न विचारायचा बाबांना अधिकार आहे. कसा, ते सांगतो.

बाबा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडापासून लांब, तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता. वर फनेल, आत बाटली. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ती बाटली काढायची, पाणी मापाच्या काचेच्या नळीत ओतायचं, मिलिमीटर वाचायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे. साडेआठ म्हणजे साडेआठ, कारण देशभर पावसाचा 'दिवस' त्याच वेळी बदलतो. कुणालाही सांगता येईल असं काम, पण बाबा ते स्वतः करायचे. मी लहानपणी बरोबर जायचो. आमच्याकडे पाऊस कमीच, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा कितीतरी दिवस बाटली कोरडीठाक. तरी बाबा कुंपणाचं दार उघडून आत जायचे, फनेल काढायचे, बाटली उजेडात धरायचे आणि मग रजिस्टरमध्ये ०.० लिहून सही करायचे. मी एकदा विचारलं होतं, "आभाळ तर स्वच्छ होतं रात्रभर, बघायचं कशाला?" ते म्हणाले, "बघितल्याशिवाय शून्य लिहायचं नसतं."

एका जुलैमध्ये रात्री चांगला पाऊस झाला आणि सकाळी बघतात तर बाटलीला तडा गेलेला, पाणी सगळं जमिनीत. बाबांनी लिहिलं, "नोंद नाही, बाटली फुटली." जिल्ह्याला नऊपर्यंत फोनवर आकडा कळवायचा असे. साहेब म्हणाले, "लिहा की वीस-पंचवीस, शेजारच्या तालुक्यात तेवढाच झालाय." बाबा तयार होईनात. मग साहेब म्हणाले, "बरं, शून्य लिहा आणि विषय मिटवा." बाबा त्यालाही तयार होईनात. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजलेला सगळ्या गावाने ऐकला होता, शून्य कसं लिहिणार? बोलणी खाल्ली, पण रजिस्टरमध्ये 'नोंद नाही' हेच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून नवीन बाटली येईपर्यंत फनेलखाली आमच्या घरची लोणच्याची बरणी होती. आईला ती कधीच परत मिळाली नाही, आणि हे ती अजूनही ऐकवते.

तर असा माणूस फोनवर विचारत होता. मग काय, बूट-जाकीट चढवलं, मुलीच्या दप्तरातली पट्टी घेतली आणि गेलो. दाराजवळ चार इंच. डेकच्या कडेला पट्टी पूर्ण बुडाली. अंगणाच्या मध्यभागी नऊ. झाडाच्या आडोशाला सहा. परत आलो तेव्हा भुवयांवर बर्फ आणि हातात चार वेगवेगळे आकडे. बाबांना सांगितले. ते म्हणाले, "आता काहीतरी कळलं. चारही लिहून ठेव."

मग त्या रात्री मी वाचायला बसलो की बर्फ मोजतात तरी कसा. मला वाटायचं विमानतळावर एखादा भारी सेन्सर असेल. सेन्सर आहेतच. १९९० च्या दशकापासून अमेरिकेतल्या विमानतळांवर स्वयंचलित केंद्रं बसली आहेत, तापमान, वारा, दृश्यमानता सगळं मिनिटामिनिटाला मोजतात. पण नवा बर्फ किती इंच पडला हे ती केंद्रं मोजत नाहीत. ते काम आजही माणूस करतो, हातात पट्टी घेऊन! एक पांढरी रंगवलेली फळी जमिनीवर ठेवायची. तिच्यावर साचलेला बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा, मग फळी पुसून परत वर ठेवायची. वाऱ्याने ढीग झाले असतील तर अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढायची. आणि त्यात पाणी किती हे बघायला बर्फ भांड्यात घेऊन वितळवायचा. वसंतातला बर्फ ओला आणि जड असतो, तेवढ्याच इंचांत जानेवारीतल्या भुसभुशीत बर्फापेक्षा पुष्कळ जास्त पाणी. (पाठीला हे आकडेवारीशिवायही कळतं.)

यातला एक नियम मला फार आवडला. फळी सहा तासांच्या आत पुन्हा पुसायची नाही. म्हणजे २४ तासांत जास्तीत जास्त चार मोजमापं. का? कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. दर तासाला मोजून फळी पुसली तर प्रत्येक वेळी न दबलेला, फुगलेला बर्फ मोजला जातो आणि बेरीज मोठी येते. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू गावी २४ तासांत ७७ इंचांची नोंद झाली होती. राष्ट्रीय विक्रमच. पण चौकशीत निघालं की मोजमापं सहा वेळा घेतली होती. नियमात बसत नाही म्हणून विक्रम नाकारला. त्यामुळे जुनाच विक्रम कायम राहिला, ७५.८ इंच, सिल्व्हर लेक, कोलोरॅडो. तारीख बघा, १४-१५ एप्रिल १९२१. म्हणजे तोही वसंतातलाच! आणि गंमत म्हणजे तो आकडाही थेट मोजलेला नाही. साडेसत्तावीस तासांत ८७ इंच पडला होता, त्यावरून २४ तासांचा हिशोब नंतर केला. पण हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, म्हणून आज आपण त्यावर वाद तरी घालू शकतो.

वादळ संपलं. पुढच्या शनिवार-रविवारी लख्ख ऊन पडलं. मी डेकवर चहा घेत बसलो होतो आणि फोनवर नोटिफिकेशन आलं, 'पाऊस सुरू झाला आहे.' वर बघितलं तर आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही. तासाभरात ०.३८ इंच. झालं होतं असं की माझ्या मापकात एक छोटं झोपाळ्यासारखं भांडं असतं. थोडं पाणी साठलं की ते एका बाजूला कलतं, आणि एकदा कललं म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. वादळात फनेलवर बर्फाची टोपी बसली, आत काहीच गेलं नाही. आठवड्याने ती टोपी उन्हात वितळली आणि भांडं टकाटक कलायला लागलं. म्हणजे वादळाच्या दिवशी शून्य आणि उन्हाच्या दिवशी पाऊस. शिवाय वाऱ्याने बराचसा बर्फ मापकात पडलाच नव्हता. जोराच्या वाऱ्यात उघड्या मापकातून अर्ध्याहून जास्त बर्फ निसटतो, हेही तेव्हाच कळलं.

आता मी जर बाहेर नसतो, आणि फक्त फाइल बघितली असती, तर? १४ एप्रिल कोरडा. २१ एप्रिल पावसाचा. दोन्ही आकडे वैध, फॉरमॅट बरोबर, कुठेही एरर नाही. तुमचं कुठलंही व्हॅलिडेशन यातून सुखरूप पास झालं असतं.

आणि इथे मला घाम फुटला. कारण असा प्रताप मी स्वतः केलेला आहे. खूप वर्षांपूर्वी एका कंपनीच्या (नाव राहू दे) दुकानांच्या रोजच्या विक्रीचा रिपोर्ट मी लिहिला होता. दुकानाकडून आकडा आला नाही तर रिकाम्या जागेमुळे बेरीज फसायची. म्हणून मी एक ओळ टाकली, नल आला तर शून्य धर. बेरीज सुटली, टेस्ट पास, मी घरी. काही महिन्यांनी एका दुकानाचं नेटवर्क तीन दिवस बंद पडलं. रिपोर्टमध्ये विक्री शून्य. ऑर्डर ठरवणाऱ्या सिस्टिमने तो आकडा खरा मानला आणि त्या दुकानाचा दूध-ब्रेडचा माल कापला. तिथल्या मॅनेजरबाईंनी फोन करून मला फक्त एवढंच विचारलं होतं, "दुकान तीन दिवस गजबजलेलं होतं, कुणी एक फोन करून विचारलं का नाही?" तेव्हा मी तो 'डेटा क्वालिटी इश्यू' म्हणून बंद केला होता. आता कळतं की इश्यू डेटाचा नव्हता. तो माझ्या त्या एका ओळीचा होता. बघितल्याशिवाय शून्य लिहिलं होतं मी.

इथल्या हवामान नोंदींच्या तक्त्यांत यासाठी वेगळी अक्षरं आहेत. काहीच पडलं नाही तर शून्य. पडलं, पण मोजण्याइतकं नाही तर 'टी', म्हणजे ट्रेस. नोंद मिळाली नाही तर 'एम', म्हणजे मिसिंग. शंभर वर्षांपूर्वी कागदावर पेन्सिलीने लिहिणाऱ्यांना हा फरक कळत होता. १८९० पासून अमेरिकेत स्वयंसेवक निरीक्षकांचं जाळं आहे, शेतकरी, शिक्षक, पोस्टमन असे लोक रोज ठरलेल्या वेळी आकडे लिहून पाठवतात. १९९८ साली कोलोरॅडोत 'कोकोराझ' नावाचा आणखी एक उपक्रम सुरू झाला, आदल्या वर्षी फोर्ट कॉलिन्सला आलेल्या पुरानंतर. त्यात कुणीही चार इंच व्यासाचा साधा प्लास्टिकचा मापक लावून सामील होऊ शकतो. (मी २०१८ च्या मे महिन्यात झालो. हो, बाबांना सांगून.) तिथे नव्या माणसाला पहिल्यांदा काय बजावतात? पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य पाठवा. कारण तुम्ही काहीच पाठवलं नाही तर पाऊस नव्हता की तुम्ही गावाला गेला होतात, हे कुणालाच कळणार नाही.

यंत्र आणि माणूस यांची एक जोडगोष्ट सांगतो, दोन्ही एप्रिलमधल्या. न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर १९३२ पासून वेधशाळा आहे. १२ एप्रिल १९३४ ला पहाटे तिथल्या एका निरीक्षकाला वाटलं की वाऱ्याचा आवाज यंत्रावरच्या आकड्यापेक्षा फारच मोठा आहे. वारामापकावर बर्फ चढला असणार. गडी सोटा घेऊन त्या वादळात बाहेर गेला आणि बर्फ झोडपून काढला. आकडा लगेच वर गेला. त्याच दिवशी दुपारी तिथे ताशी २३१ मैल, म्हणजे ३७२ किलोमीटर वेगाची नोंद झाली. पुढे कितीतरी वर्षं तो जागतिक विक्रम होता. तो मोडला १० एप्रिल १९९६ ला, ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर, ऑलिव्हिया चक्रीवादळात, ताशी ४०८ किलोमीटर. तिथे माणूस नव्हता, स्वयंचलित केंद्र होतं. यंत्राने काम चोख केलं होतं. पण त्या आकड्याला विक्रम म्हणून मान्यता मिळायला २०१० साल उजाडलं. चौदा वर्षं तो आकडा नुसता पडून होता.

म्हणून मी यंत्रांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नका. माउंट वॉशिंग्टनलाही मोजलं यंत्रानेच. बॅरो बेटावर त्या वाऱ्यात माणूस उभाच राहू शकला नसता. आणि माणसं खोटं लिहीत नाहीत असंही नाही. बाबा स्वतःच सांगतात की काही कचेऱ्यांत पावसाचा आकडा खिडकीतून आभाळाकडे बघून लिहिला जायचा, आणि रविवारचा सोमवारी. तेव्हा 'जुनं ते सोनं' हा माझा मुद्दा नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, की कुठल्याही नोंदीच्या व्यवस्थेत 'माहीत नाही' लिहायला जागा हवी, आणि ती जागा भरली की कुणीतरी जाऊन बघायला हवं. हे दोन्ही नसेल तर तुम्ही दर मिनिटाला आकडे गोळा केलेत काय अन् दर सेकंदाला केलेत काय, सारखंच.

त्या एप्रिलमध्ये ऑफिसात लंच टेबलावर रोज एक विनोद व्हायचा. "काय रे, कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" अरे, खिडकीबाहेर बघितलंस हे चांगलंच केलंस, पण तुझी खिडकी म्हणजे पृथ्वी नव्हे. शेजारच्या आयोवा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत २०१८ चा एप्रिल नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात थंड एप्रिल ठरला. आणि तोच एप्रिल अख्ख्या पृथ्वीचा हिशोब केला तर १८८० पासूनचा तिसऱ्या क्रमांकाचा उष्ण एप्रिल होता. दोन्ही खरं आहे. एक केंद्र एका जागेबद्दल बोलतं. हजारो केंद्रं मिळून पृथ्वीबद्दल बोलतात, तेही प्रत्येकाने आपापल्या जागेचं खरं सांगितलं तरच. आणि मिनिॲपोलिसचं म्हणाल, तर त्याच विमानतळावर २८ मेला पारा १०० फॅरेनहाइटला गेला. गुडघाभर बर्फानंतर सहा आठवड्यांत ३८ अंश! लंच टेबलावर त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, सगळे एसीखाली बसले होते. :)

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याला ७३. समजा सांताक्रूझचा मापक त्या दिवशी बंद असता आणि एखाद्या हुशार प्रोग्रामने कुलाब्यावरून तिथला आकडा 'भरून' काढला असता, तर त्या दिवशी मुंबईत काही विशेष घडलंच नव्हतं असं आज रेकॉर्ड सांगत असतं.

हे सगळं छंदापुरतं असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. पण आज महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, आणि हवामानावर आधारित फळपीक विमा अशाच केंद्रांच्या आकड्यांवर चालतो. द्राक्ष, डाळिंब, आंबा, काजू. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस झाला, तापमान घसरलं, तर भरपाई. बागेत माणूस पाठवून नुकसान बघण्यापेक्षा हे जलद आहे, आणि कल्पना म्हणून मला पटतंही. पण फनेलमध्ये पाला अडकला असेल, आत गांधीलमाशीने घर केलं असेल, केंद्रावर झाडाची फांदी आली असेल, तर ते केंद्र पावसात भिजत उभं राहून शून्य पाठवेल. आणि त्या शून्यावर एखाद्याचं वर्षाचं उत्पन्न ठरेल. त्या शेतकऱ्याने अंगठा कुठे दाखवायचा, कुणाला सांगायचं की अहो, पाऊस पडला होता, मी भिजलो होतो?

आपण, म्हणजे तुम्ही आणि मी, ज्या धंद्यात आहोत त्यात ही शून्यं रोज आपल्या हातून जातात. स्टेशन बांधणारे आपण नसू, पण त्याचा आकडा टेबलमध्ये घेणारा कोड आपल्यातलाच कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी घाईत लिहीत असतो. तेव्हा रिकामी जागा रिकामी ठेवा. ग्राफला खिंडार पडलं तर पडू दे, क्लायंटला दिसू दे. त्याने विचारलं तर सांगा की इथे आपल्याला माहीत नाही. मीटिंगमध्ये पाच मिनिटं वाईट जातात, माझा अनुभव आहे. बाबांनीही साहेबांची बोलणी खाल्लीच होती.

असो. बाबांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. कचेरीतला तो मापक कधीच गेला, तिथे आता पार्किंग आहे म्हणतात. गेल्या रविवारी मी त्यांना सांगितलं की फनेल साफ केला, आत पाचोळ्याखाली कोळ्याचं जाळं होतं. ते म्हणाले, "म्हणजे मागच्या पावसाचे आकडे बघ परत." बघितले. दोन दिवस संशयास्पद निघाले, त्यांच्यापुढे 'एम' लिहिलं. आणि अंदाज म्हणतोय की मंगळवारी पुन्हा दोन-तीन इंच आहे. पांढरी फळी दारापाशी काढून ठेवली आहे. पट्टी अजून मुलीच्या दप्तरातलीच आहे, तिला सांगू नका.